प्रतीची पडताळणी : संगणकीय अभिलेखांची विश्वसनीयता

हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळावेत म्हणून 2017 मध्ये महाराष्ट्रात गावोगावी चावडीवाचन झाले. नक्कल मुळाबरहुकूम असल्याची खात्री ताडून पाहूनच होते, हे त्यामागील तत्त्व होय. बारामती व इंदापूर येथील महाविद्यालयांच्या गुणनोंदींच्या फाइलींनाही ते लागू पडते. फाइलीचा आकार व दिनांक जुळूनही आतील अंक बदललेला असू शकतो. 'शा-256' ही पद्धत संपूर्ण फाइल वाचून 64 षोडशमान अंकांचे हॅशमूल्य काढते. एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. म्हणून फाइल अंतिम होताच तिचे हॅशमूल्य स्वतंत्र ठिकाणी नोंदवावे आणि प्रत घेतल्यावर व पुढे प्रत्येक सत्रात ते पडताळावे. अन्यथा समक्रमणात बिघडलेली फाइलच चांगल्या प्रतीची जागा घेते आणि विद्यार्थ्याची खरी नोंद कायमची गमावली जाते.