शिपाई श्रेणी (दक्षिण कोरिया)

दक्षिण कोरियाच्या सशस्त्र दलांतील सर्वांत खालच्या चार श्रेणींना एकत्रितपणे ब्योंग, म्हणजे शिपाई, असे म्हणतात. इब्योंग, इल्ब्योंग, सांगब्योंग आणि ब्योंगजांग असा त्यांचा चढता क्रम आहे. या श्रेणींत प्रामुख्याने सक्तीच्या लष्करी सेवेसाठी दाखल झालेले तरुण असतात. राज्यघटनेच्या ३९व्या कलमाने देशाचे संरक्षण हे नागरिकांचे कर्तव्य ठरवले असून प्रत्यक्ष सक्ती पुरुषांना लागू आहे. उत्तर कोरियाशी १९५३ मध्ये युद्धविराम झाला. शांतता करार मात्र आजतागायत झालेला नाही.

नावे व चिन्हे

ही नावे चिनी लिपीतील शब्दांवरून आली आहेत. त्यांचे अर्थ अनुक्रमे द्वितीय वर्ग शिपाई, प्रथम वर्ग शिपाई, वरिष्ठ शिपाई आणि शिपायांचा प्रमुख असे होतात. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर राज्य करणाऱ्या जपानच्या शाही लष्करातही हेच शब्द रूढ होते. गणवेशावर इब्योंगला एक आडवी पट्टी, इल्ब्योंगला दोन, सांगब्योंगला तीन आणि ब्योंगजांगला चार पट्ट्या असतात.

इंग्रजीत सांगब्योंगचे भाषांतर कॉर्पोरल आणि ब्योंगजांगचे सार्जंट असे केले जाते. त्यामुळे बराच गैरसमज होतो. भारतीय सैन्यातील नाईक व हवालदार हे नॉन-कमिशन्ड अधिकारी असतात आणि त्या पदांपर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागतात. ब्योंगजांग हा मात्र शिपाईच असतो. कोरियातील नॉन-कमिशन्ड श्रेणी त्याच्या वरच्या हासा या पदापासून सुरू होतात आणि तेथे स्वेच्छेने लष्करी पेशा पत्करलेले सैनिक असतात. बीटीएस या गायकसमूहातील जिन जून २०२४ मध्ये ‘सार्जंट’ म्हणून सेवामुक्त झाला, तेव्हा तो ब्योंगजांग होता.

सेवाकाळ, बढती व वेतन

भूदलातील सेवा १८ महिन्यांची आहे. साधारणतः २ महिने इब्योंग, त्यानंतर प्रत्येकी ६ महिने इल्ब्योंग व सांगब्योंग आणि अखेरचे ४ महिने ब्योंगजांग अशी तिची विभागणी होते. बढती मुख्यतः सेवेच्या महिन्यांवर अवलंबून असल्याने खांद्यावरच्या पट्ट्या हे एका अर्थी घरी परतण्याचे वेळापत्रकच असते. सुटकेच्या जवळ आलेल्या ब्योंगजांगने गळणाऱ्या पानापासूनही सांभाळून राहावे, अशी म्हण बराकींत प्रचलित आहे.

शिपायांचे वेतन दीर्घकाळ नाममात्र होते. २०२२ मध्ये ब्योंगजांगला दरमहा ६,७६,१०० वॉन मिळत. २०२५ मध्ये ही रक्कम १५ लाख वॉन झाली. त्याच वर्षी इब्योंगचे वेतन ७.५ लाख वॉन होते.

ज्येष्ठता आणि छळ

कोरियन समाजात वयाला मोठा मान आहे आणि वयानुसार बोलण्याची भाषाही बदलते. बराकीत हा क्रम उलटू शकतो. पदवी पूर्ण करून उशिरा दाखल झालेल्या इब्योंगला आपल्याहून लहान असलेल्या सांगब्योंगशी आदरार्थी भाषेत बोलावे लागते. दोघेही सक्तीने आलेले, एकाच खोलीत झोपणारे. फरक केवळ काही महिन्यांचा. तरीही कनिष्ठांना कामे सांगणे, शिक्षा करणे, प्रसंगी मारहाण करणे हा आपला हक्क असल्याची समजूत ज्येष्ठ शिपायांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. छळ सोसलेला इब्योंग पुढे स्वतः ब्योंगजांग होत असल्याने ही साखळी तुटणे कठीण होते.

एप्रिल २०१४ मध्ये २८व्या पायदळ डिव्हिजनमधील एका इल्ब्योंगचा, सोबतच्या सैनिकांनी अनेक आठवडे केलेल्या मारहाणीनंतर, मृत्यू झाला. मुख्य आरोपी ब्योंगजांग होता. त्याच्यावर खुनाचा गुन्हा सिद्ध झाला. कोरियात हे प्रकरण मृताचे आडनाव आणि त्याची श्रेणी जोडूनच ओळखले जाते. त्याच वर्षी जूनमध्ये सीमेलगतच्या एका चौकीवर सेवामुक्तीला तीन महिने उरलेल्या एका ब्योंगजांगने केलेल्या गोळीबारात पाच सैनिक ठार झाले. सहकाऱ्यांकडून होणारी हेटाळणी हे त्यामागील एक कारण असल्याचे पुढे आले.

या घटनांनंतर झालेला सैनिकांच्या दर्जा व सेवेविषयीचा मूलभूत कायदा जून २०१६ मध्ये लागू झाला. अधिकृतपणे आदेशाधिकार दिलेला नसेल, तर एका शिपायाने दुसऱ्याला हुकूम देणे किंवा त्याच्या कामात ढवळाढवळ करणे या कायद्याने निषिद्ध ठरले. अर्थात तुकडीप्रमुख म्हणून नेमलेला शिपाई सोडल्यास, चार पट्ट्यांना एका पट्टीवर कायद्याने कोणतीही सत्ता नाही. जुलै २०२० पासून शिपायांना कामाच्या वेळेनंतर मोबाईल फोन वापरण्याची परवानगी आहे.