स्वस्थ उभा राहणारा घोडा

संस्कृत भाषेंत घोड्याला जीं नांवें आहेत, त्यांपैकीं बरींच त्याच्या वेगावरून पडलेलीं आहेत. त्वरेनें जातो म्हणून तुरग, अंगीं वेग आहे म्हणून वाजी. आणि वाट व्यापून टाकतो तो अश्व, अशी एक व्युत्पत्ति यास्काचार्यांनीं निरुक्तांत दिली आहे. यांत नवल नाहीं. धांवणें हा घोड्याचा स्वभाव आहे. सांगितल्या जागीं उभें राहणें ही त्याला शिकवावी लागणारी विद्या आहे. स्वाराचा एक पाय रिकिबींत आणि दुसरा नुकताच भुईवरून सुटलेला, अशा वेळीं घोडा दोन पावलें पुढें सरकला तर काय अनर्थ होतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या विद्येची किंमत निराळी सांगावयास नको.

घोड्याच्या शरीराला उभें राहण्याचें श्रम वाटत नाहींत. शिंगरूं जन्मल्यापासून तास दोन तासांत आपल्या पायांवर उभें राहतें. आणि मोठ्या घोड्याच्या पायांतील स्नायुबंधांची रचना अशी आहे कीं, गुडघे जणूं कुलुप घातल्यासारखे अडकवून तो उभ्या उभ्या डुलकीही घेऊं शकतो. अडचण आहे ती मनाची. घोडा हा रानांत दुसऱ्यांचें भक्ष्य होणारा प्राणी. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें सुमारें ३५० अंशांचा देखावा त्याला दिसतो. मात्र ऐन पाठीमागचें आणि कपाळाच्या अगदीं पुढचें त्याला दिसत नाहीं. संशय आला कीं आधीं पळावें आणि मग पाहावें, या नियमानेंच त्याची जात जगली. त्याला ‘उभा राहा’ म्हणणें म्हणजे ‘तुझें रक्षण मी करीन’ असें वचन देण्यासारखें आहे.

कित्येकांची समजूत अशी असते कीं, आगाडी-पिछाडी आंवळून बांधिली व चाबकाचे चार फटके दिले म्हणजे घोडा मुकाट्यानें उभा राहतो. राहतोही; परंतु तो स्वस्थ नसतो. ज्याची मान ताठ, डोळे विस्फारलेले, नाकपुड्या आक्रसलेल्या व शेपूट आंत दाबलेलें, तो घोडा भयानें थिजलेला असतो आणि केव्हां उधळेल याचा नेम नसतो. ज्याची मान खालीं आलेली, कान सैल, ओठ लोंबते, व एक मागचा पाय विसांवलेला, तोच खरा स्वस्थ. शाळेंतील वर्गाची शांतताही अशीच दोन प्रकारची असते, व तींतला भेद मास्तर पाठ फिरवितांच कळून येतो.

इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीक सेनानी झेनोफन यानें अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत रागाच्या भरांत घोड्याशीं कधींही वागूं नये, असा नियम घालून दिला आहे. बुजलेल्या घोड्यास मारलें तर त्या वस्तूमुळेंच आपणांस दुःख झालें असें तो समजतो व त्याचें भय दुणावतें, हें त्याचें निरीक्षण आजही खरें ठरतें.

मग शिकवावें कसें? प्रथम घोड्याला कांहीं दुखतखुपत नाहीं ना, हें पाहावें. खोगीर पाठीस घांसत असेल किंवा लगामानें तोंड सोललें असेल, तर त्याचें हलणें हा अपराध नव्हे, ती तक्रार होय. दिवसभर तबेल्यांत कोंडलेल्या घोड्यास थोडें फिरविल्यावांचून हा पाठ देऊं नये. मोकळी, सपाट जागा पाहावी, आणि आरंभीं ओळखीचा दुसरा घोडा त्याच्या नजरेच्या टप्प्यांत असूं द्यावा.

मोरखीला दोरी लावून त्याला चालवावें व थांबवावें. तो थांबतांच दोरी तत्काळ सैल सोडावी. या सैल सोडण्यांतच सारें शिक्षण आहे. ज्या कृतीनें ताण नाहींसा झाला, ती कृति घोडा पुन्हां करतो. दोरी ताणलेलीच ठेविली तर थांबून आपण काय मिळविलें, हें त्याला कधींच उमगत नाहीं. तो एक पाऊल पुढें आला, तर न ओरडतां, न हिसडा देतां त्याला तितकेंच मागें न्यावें आणि दोरी पुन्हां सैल करावी. पहिल्या दिवशीं पांच सेकंद पुरेत; मग दहा, मग अर्धा मिनिट. तो चुळबुळूं लागण्यापूर्वींच आपण होऊन त्याला पुढें न्यावें. उभा असतां आयाळीच्या बुडाशीं खाजवावें. घोडे एकमेकांस तेथेंच खाजवितात, आणि त्यायोगें हृदयाचे ठोके मंदावतात, असें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत आढळलें आहे.

पुढें रिकिबींत पाय ठेवून केवळ भार द्यावा व उतरावें. शेवटीं वर बसावें, परंतु बसतांच टांच मारूं नये. बहुतेक स्वार तसें करितात, आणि ‘माणूस चढला कीं निघावयाचें’ हा धडा घोडा आपोआप शिकतो. बसल्यावर लगाम ढिला सोडून कांहीं वेळ थांबावें.

या सर्वांपेक्षां महत्त्वाचें म्हणजे शिकविणारा स्वतः शांत हवा. बर्लिन येथें एका निवृत्त शिक्षकाचा ‘हान्स’ नांवाचा घोडा टापा आपटून गणितें सोडवितो, अशी ख्याति झाली होती. १९०४ सालीं विद्वानांच्या मंडळानें चौकशी केली. १९०७ सालीं ऑस्कर फुंग्स्ट यानें सिद्ध केलें कीं, घोड्याला गणित येत नव्हतें. प्रश्न विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत होणारी अतिसूक्ष्म हालचाल पाहून तो थांबत असे. इतकें ज्याला दिसतें, त्याच्यापासून आपली धास्ती कशी लपणार?

महाराष्ट्रांत हें पाहावयाचें असेल तर आषाढी वारीस जावें. आळंदीच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात. टाळमृदंगांच्या गजरांत, प्रचंड समुदायामध्यें ते रिंगणांत धांवतात; आणि एरवीं दर्शनार्थ्यांचे हात अंगावर घेत त्याच गर्दींतून वाट चालतात.

सुटींत माथेरानास मुलांना घोड्यावर बसविणाऱ्या मातापित्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें: घोड्याच्या मागून किंवा थेट समोरून जाऊं नये, खांद्याच्या बाजूनें, बोलत जावें. मूल चढत असतां घोडेवाल्याला मोरखी धरून उभें राहावयास सांगावें, आणि जो घोडा उभाच राहत नाहीं त्यावर मुलाला बसवूं नये. ‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या ठायीं स्थिर असलेला असा आहे. दोरीनें बांधून तशी स्थिति येत नाहीं. दोरी सैल केल्यावरही जो जागचा हलत नाहीं, तोच घोडा शिकला असें समजावें.