फुप्फुसांचा घसारा

कापसाचा हंगाम सुरू झाला की परभणी जिल्ह्यातील सेलू, मानवत येथील जिनिंग कारखान्यांत सरकीपासून रुई वेगळी होऊ लागते आणि हवेत बारीक धूळ दाटते. ही धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास ‘बिसिनोसिस’ हा विकार जडतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतताच छाती आवळणे, ही त्याची पहिली खूण. वेळीच धुळीपासून दूर नेल्यास मजूर सावरतो. पुढे मात्र हानी कायमची ठरते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत या रोगाचा समावेश झाला होता.

यंत्राचा घसारा दरवर्षी वहीत मांडला जातो, मजुराच्या फुप्फुसांचा नाही. धूळ शोषणारी यंत्रणा, मुखपट्टी, वार्षिक श्वासतपासणी यांवरील खर्च हीच कारखानदाराची जयणा होय. वायुकायिक जीवांसाठी मुखवस्त्रिका धारण करणाऱ्या परंपरेला हे वेगळे सांगणे न लगे.