अहवाल येईपर्यंत : नवी मुंबईतील संपर्क शोधाचे काम

साथीच्या काळात आरोग्ययंत्रणा जी अनेक कामे करते, त्यांपैकी संपर्क शोध हे काम बाहेरून सर्वांत कमी दिसते आणि तरीही लोकांच्या घरात सर्वांत आतपर्यंत शिरते. एखाद्या व्यक्तीला विषाणूची लागण झाल्याचे निश्चित झाले की लक्षणे दिसू लागण्याच्या दोन दिवस आधीपासून ती कोणाकोणाच्या सहवासात आली हे विचारून काढायचे, त्या माणसांना गाठायचे, त्यांना इतरांपासून वेगळे ठेवायचे आणि योग्य दिवशी त्यांची तपासणी करायची, असे या कामाचे स्वरूप असते. कोविड-१९च्या साथीत बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा या नवी मुंबई महानगरपालिकेच्या आठही विभागांत हे काम दीर्घकाळ चालले. ते जवळून पाहिले असता असे आढळते की नागरिकांच्या मनात एकाच वेळी दोन भीती वावरत होत्या, एक रोगाची आणि दुसरी, रोग झाल्याचे कळल्यावर सरकारी माणसे आपले काय करतील याची. पहिल्या भीतीने माणूस दवाखाना गाठतो, दुसरीने तो ताप लपवतो. साथ आटोक्यात येणे बहुतांशी या दुसऱ्या भीतीचे काय होते यावर अवलंबून असते, आणि ती सर्वाधिक वाढते नमुना दिल्यापासून अहवाल हाती येईपर्यंतच्या काळात.

या दुसऱ्या भीतीला महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांतच, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम संमत झाला. अगदी मोजक्या कलमांच्या या कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयित रुग्णांना वेगळे ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. पुण्यात प्लेग कमिशनर रँड याच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या झाल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली, आणि परिणामी कुटुंबे आपले आजारी माणूस लपवू लागली. या संतापाची परिणती २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगला बळी पडल्या, तो दिवस १० मार्च १८९७ होता. एकाच शहरात, एकाच वर्षी, रुग्णाला हात लावण्याच्या या दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या. साथरोगाच्या प्रशासनाचा विचार करताना हे उदाहरण वारंवार आठवावे लागते, कारण १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोविडसाठी लागू केला तो कायदा १८९७चाच.

पुण्यात ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण आढळले आणि त्यानंतर काही दिवसांतच नवी मुंबईतही परदेशातून आलेल्या एका व्यक्तीला लागण झाल्याचे निष्पन्न झाले. सुरुवातीच्या त्या आठवड्यांत उपाययोजनेचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे घरी अलगीकरणात राहण्यास सांगितलेल्या व्यक्तीच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईने मारलेला शिक्का. अलगीकरण म्हणजे लागण झाल्याचा केवळ संशय असलेल्या निरोगी माणसाला वेगळे ठेवणे आणि विलगीकरण म्हणजे लागण झालेल्या रुग्णाला वेगळे ठेवणे. हा भेद वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्पष्ट असला तरी शिक्का पाहणाऱ्या शेजाऱ्याला तो कळण्याचे कारण नव्हते, आणि त्यामुळे रोग झालेला नसतानाही माणूस आपल्याच जिन्यात परका झाला. पुढे वाशीचे सार्वजनिक रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवण्यात आले, तर वाशीतीलच सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात हजाराहून अधिक खाटांचे उपचार केंद्र उभे राहिले. खाटा दिसतात, मोजता येतात, त्यांचे उद्घाटन होते. संपर्क शोधाचे मात्र सारे काम फोनवर आणि दारात उभ्या उभ्या चालते, म्हणून त्याचे वर्णन अधिक बारकाईने करणे आवश्यक आहे.

अहवाल पॉझिटिव्ह आल्याची यादी नागरी आरोग्य केंद्राकडे आली की तेथील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आशा सेविका यांच्यापैकी कोणीतरी रुग्णाला फोन करी. घरातील माणसांची नावे सहज मिळत. अडचण त्यापुढे सुरू होई. ज्या घरकामवालीचे नाव सांगितले तर तिची सगळी कामे सुटतील, ज्या दुकानदाराचे नाव सांगितले तर त्याचे दुकान बंद होईल, ज्या नातेवाइकाकडे बंदी असताना जाणे झाले, त्यांची नावे गाळली जात. म्हणून अनुभवी कार्यकर्ती नावे विचारण्याऐवजी दिवस विचारते. परवा सकाळी दूध कोणी आणले, कामावर जाताना कोणत्या वाहनाने गेलात, डबा कोणासोबत खाल्लात, संध्याकाळी औषधाच्या दुकानात कोण गेले, अशा क्रमाने गेल्यास माणूस स्वतःच आपला दिवस उलगडत जातो आणि त्यात माणसे सापडतात. एका रुग्णामागे किमान वीस संपर्क शोधावेत असा आग्रह त्या काळात धरला जाई, आणि तो शास्त्रदृष्ट्या योग्यच होता. मात्र वीस नावांचा रकाना भरणे आणि वीस माणसे खरोखर गाठणे यांत जे अंतर आहे, ते केवळ संभाषणाच्या कौशल्याने भरून निघते. हे कौशल्य प्रशासनाच्या कोणत्याही तक्त्यात नोंदवले जात नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

मिळालेल्या नावांची दोन गटांत विभागणी होई. रुग्णाच्या घरात राहणारे, किंवा मास्कसारख्या संरक्षणाशिवाय त्याच्या अगदी जवळ पंधरा मिनिटांहून अधिक काळ असलेले लोक हे अतिजोखमीचे संपर्क. त्याच खोलीत किंवा वाहनात असूनही अंतर राखलेले लोक हे कमी जोखमीचे. अतिजोखमीच्या संपर्कांनी चौदा दिवस घरात थांबावे, कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ चौदा दिवसांपर्यंत असू शकतो, आणि लक्षणे नसल्यास त्यांची तपासणी संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान करावी, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा निकष होता. विषाणूची संख्या नाकातील वा घशातील नमुन्यात सापडण्याइतकी वाढण्यास काही दिवस लागतात, त्याआधी तपासले तर लागण असूनही अहवाल निगेटिव्ह येतो, हे त्यामागचे साधे कारण. परंतु घरातील एक माणूस रुग्णवाहिकेतून गेल्यावर मागे राहिलेल्यांना पाच दिवस थांबा असे सांगितले जाते, तेव्हा त्यांना त्यात शास्त्र दिसत नाही, हेळसांड दिसते. नावे गोळा करण्यापेक्षा हे कारण समजावण्यात अधिक वेळ जाई, आणि जेथे तो वेळ दिला गेला नाही तेथे पुढचे फोन उचलले गेले नाहीत.

या शहराच्या रचनेमुळे एकच नियम तीन ठिकाणी तीन प्रकारे राबवावा लागला. सिडकोने आखलेल्या सेक्टरांतील गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये फाटक, सुरक्षारक्षक आणि भेट देणाऱ्यांची नोंदवही आयती होती, त्यामुळे संपर्क शोधणे सोपे गेले. पण तेथेच सोसायटीचे पदाधिकारी शासनाच्या नियमांवर आपले नियम चढवत, आणि मुंबईतील रुग्णालयांत रोज कामाला जाणाऱ्या परिचारिकेकडे इमारतीतील लोक संशयाने पाहत. आरंभी पूर्ण इमारत किंवा परिसर प्रतिबंधित क्षेत्र म्हणून सील होई, पुढे हे क्षेत्र मजल्यापुरते किंवा घरापुरते आखले जाऊ लागले, आणि हा बदल लोकांच्या सहकार्याच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला, कारण एका घराच्या आजाराची शिक्षा अख्ख्या इमारतीला मिळेनाशी झाली. आगरी-कोळी समाजाच्या जुन्या गावठाणांत अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेली घरे आणि भाड्याच्या खोल्या यांमुळे कोणाचा संपर्क कोणाशी आला नाही हेच सांगणे कठीण होते. तुर्भे आणि दिघा येथील झोपडपट्ट्यांत, जेथे अनेक कुटुंबे एकच शौचालय आणि एकच नळ वापरतात, तेथे वैयक्तिक संपर्कांच्या यादीला फारसा अर्थ उरत नाही. तेथे गल्लीनिहाय तपासणी हाच विवेकी मार्ग होता.

सर्वांत बिकट प्रश्न उभा राहिला तो याच शहरातील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजारात. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांच्या या आवारात राज्यभरातून व परराज्यांतून मालमोटारी येतात, माथाडी कामगार माल उतरवतात, अडते सौदे करतात आणि पहाटेच मुंबई महानगर प्रदेशातील किरकोळ विक्रेते खरेदीला जमतात. टाळेबंदीतही हा बाजार चालू ठेवणे भाग होते, कारण तो थांबला तर घरात बसलेल्या लाखो लोकांची चूल थांबते. येथे लागण झालेल्या अडत्याला दोन दिवसांत आपल्या गाळ्यावर कोण कोण आले हे सांगणे अशक्यच होते. ज्या गाडीचालकाशी तो बोलला तो तोवर नाशिकला किंवा साताऱ्याला परतलेला असे, आणि ज्या माथाडीने गोण्या वाहिल्या तो कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या वसाहतीत आपल्या कुटुंबात गेलेला असे. रुग्णसंख्या वाढत गेल्यावर ११ ते १७ मे २०२० या काळात पाचही बाजार बंद ठेवण्यात आले. जेथे नाव शोधता येत नाही तेथे जागाच थांबवायची, हा निर्णय कठोर होता, पण संपर्क शोधाची मर्यादा त्यात प्रामाणिकपणे मान्य केलेली होती, आणि त्या दृष्टीने तो योग्यच म्हणावा लागेल.

खरोखर आक्षेपार्ह होता तो अहवालाचा विलंब. पहिल्या महिन्यांत महापालिकेकडे स्वतःची आरटी-पीसीआर प्रयोगशाळा नव्हती. या तपासणीत नमुन्यातील विषाणूचा जनुकीय अंश यंत्रात पुन्हा पुन्हा द्विगुणित करून ओळखला जातो. यंत्राचे काम काही तासांचेच असले तरी नमुना शहराबाहेर पाठवणे, तेथील रांग आणि अहवालाची परतवाट यांत दिवस जात. त्या दिवसांत संशयिताला घरी ठेवावे की केंद्रात, त्याच्या संपर्कांना आताच कळवावे की थांबावे, याचे उत्तर कोणाकडेच नसे, आणि तोवर संसर्ग पुढच्या माणसाकडे गेलेला असे. विलंबाने येणारा पॉझिटिव्ह अहवाल संपर्क शोधाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. जुलै २०२०च्या आरंभी शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लावावी लागली आणि ती वाढवावीही लागली, यामागे रुग्णवाढ होती. परंतु टाळेबंदीने केवळ वेळ मिळतो, त्या वेळात काय करायचे हे वेगळे ठरवावे लागते.

ते ठरले जुलैच्या मध्यास. नवे आयुक्त अभिजित बांगर यांच्या कारकिर्दीत ‘मिशन ब्रेक द चेन’ या नावाने तपासण्या वाढवण्याचे धोरण आखले गेले. अर्ध्या तासात निष्कर्ष देणाऱ्या अँटिजेन चाचण्या विभागाविभागांत सुरू झाल्या आणि ऑगस्टमध्ये नेरुळ येथील महापालिकेच्या रुग्णालयात दररोज हजार नमुने तपासू शकणारी स्वतःची प्रयोगशाळा कार्यान्वित झाली. अँटिजेन चाचणी विषाणूच्या प्रथिनाचा शोध घेते आणि काही रुग्ण तिच्या नजरेतून सुटतात, म्हणून लक्षणे असूनही ती निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावी लागते. ही त्रुटी धरूनही तिने एक मोठी गोष्ट साधली, ती म्हणजे तपासणीला आलेला माणूस उत्तर घेऊन घरी जाऊ लागला. घरी उपचार घेणाऱ्यांना रोज फोन करून प्राणवायूची पातळी व ताप विचारणारे कॉल सेंटरही सुरू झाले. महापालिका रोज विभागवार नवे रुग्ण, बरे झालेले आणि मृत्यू यांचे आकडे प्रसिद्ध करी, त्यामुळे कोपरखैरण्यातील माणसाला मुंबईच्या एकूण आकड्यावरून आपल्या गल्लीचा अंदाज बांधावा लागत नसे. त्या आकड्यांनी भीती नाहीशी झाली असे म्हणता येणार नाही, मात्र भीतीला माप मिळाले आणि अफवांची जागा कमी झाली.

दुसऱ्या लाटेत वाट पाहण्याचा विषय बदलला. एप्रिल २०२१मध्ये अहवाल लवकर मिळत, पण आयसीयूतील खाट मिळत नसे आणि राज्यभर प्राणवायूचा तुटवडा होता. १९ एप्रिल रोजी कळंबोली येथून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून देशातील पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. टँकर वाघिणीवर चढवल्यावर त्यांची उंची घाटातील बोगद्यांना आणि विजेच्या तारांना चालण्यासारखी नसल्याने गाडी सह्याद्रीचा घाट टाळून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशा लांबच्या वाटेने नेण्यात आली. भरलेले टँकर २३ व २४ एप्रिलला नागपूर आणि नाशिक येथे पोचले. त्याच सुमारास फोनवर संपर्कांची नावे विचारणाऱ्या कार्यकर्तीला समोरून पहिला प्रश्न येई तो खाट कोठे मिळेल हा, आणि त्याचे उत्तर देणे तिच्या हाती नसे.

कोविडच्या साथीत साथरोग अधिनियमात झालेली दुरुस्ती येथे नोंदवणे आवश्यक आहे. आरोग्यकर्मचाऱ्यांवर ठिकठिकाणी हल्ले झाल्यानंतर २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले; त्यानुसार अशा हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. दारोदार फिरणाऱ्या सेविकांना हे संरक्षण मिळणे न्याय्यच होते, जरी त्यांच्या मानधनाचा प्रश्न तसाच राहिला आणि त्यासाठी राज्यातील आशा सेविकांना जून २०२१मध्ये संपावर जावे लागले. परंतु ज्या नागरिकाला वेगळे ठेवले जाते, त्याला त्याचे कारण किती वेळात सांगावे, तपासणीचा अहवाल किती तासांत द्यावा आणि तोवर त्याच्या घराची शिध्याची व औषधांची व्यवस्था कोणी करावी, याविषयी १८९७च्या त्या अधिनियमात तेव्हाही एक शब्द नव्हता आणि दुरुस्तीनंतरही आलेला नाही.