मिलिंग यंत्रावरील आरंभबिंदूची निश्चिती

आलेखाच्या कागदावर दोन अक्ष काढून त्यांच्या छेदनबिंदूस आरंभबिंदू म्हणावयाचे, हे शाळेत शिकलेल्या सर्वांस ठाऊक आहे. बीजगणित व भूमिती यांची ही सांगड फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली ग्रंथरूपाने मांडली. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले, ते याच तत्त्वावर. आता अशी संगणक-नियंत्रित यंत्रे आपल्याकडील कारखान्यांतूनही चालतात. त्यांवर काम करू इच्छिणाऱ्या तरुणाने सर्वप्रथम आरंभबिंदूची निश्चिती समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन आरंभबिंदू

उभ्या मिलिंग यंत्रास तीन अक्ष असतात : डावी-उजवीकडे एक्स, पुढे-मागे वाय आणि वर-खाली झेड. यंत्र बनविणाऱ्याने त्यात एक कायमचा आरंभबिंदू ठरविलेला असतो. नकाशातील मापे मात्र जॉबच्या एखाद्या कोपऱ्यापासून दिलेली असतात. नव्या विहिरीची जागा शेताच्या कोपऱ्यापासून सांगितली आणि खोदणाऱ्याने ते अंतर गावच्या चावडीपासून मोजले, तर विहीर भलत्याच्याच शेतात निघेल. म्हणून जॉबचा कोपरा यंत्राच्या आरंभबिंदूपासून किती अंतरावर आहे, हे यंत्रास सांगावे लागते. हे अंतर 'जी ५४' या नोंदीत ठेवतात. 'जी ५९' पर्यंत अशा सहा नोंदी बहुतेक यंत्रांत असतात. त्यामुळे एकाच टेबलावर सहा जॉब बांधून प्रत्येकास स्वतंत्र आरंभबिंदू देता येतो.

निश्चितीची रीत

जॉब व्हाइसमध्ये घट्ट बांधल्यावर, कडा शोधणारा १० मि.मी. व्यासाचा दांडा, म्हणजे एज फाइंडर, स्पिंडलमध्ये बसवून जॉबच्या डाव्या कडेस टेकवितात. समजा, त्या वेळी एक्सचे वाचन −३०५ आले. हे वाचन दांड्याच्या मध्याचे आहे. कडा त्याच्या उजवीस त्रिज्येइतकी, म्हणजे ५ मि.मी. आहे. म्हणून नोंद −३०० अशी करावी. पुढील कडेवरून वायची नोंद याच रीतीने होते. त्रिज्या मिळविण्याचे विसरल्यास सर्व छिद्रे ५ मि.मी. सरकतात; पण त्यांची आपसांतील अंतरे बरोबर असल्याने चूक चटकन ध्यानात येत नाही.

झेड अक्षाची गोष्ट निराळी आहे. प्रत्येक हत्याराची लांबी वेगळी असल्याने ते जॉबच्या माथ्यास टेकवून त्याच्या क्रमांकासमोर स्वतंत्र नोंद करावी लागते. आखूड हत्याराची नोंद लांब हत्यारास लागू झाली, तर ते वेगाने जॉबमध्ये घुसून मोडते आणि तुकडे उडून इजा होण्याचा संभव असतो.

दक्षता

वीज जाऊन आल्यावर अनेक यंत्रे पुन्हा मूळ बिंदूवर न्यावी लागतात. नाही तर जतन केलेल्या नोंदी निरर्थक ठरतात. नव्या जॉबवर प्रथम हत्यार सुमारे ५० मि.मी. उंच ठेवून, दार बंद करून, एकेक आज्ञा सावकाश चालवून पाहावी. यंत्र आज्ञा तंतोतंत पाळते. ती योग्य आहे की नाही, हे पाहणे कारागिराचेच काम आहे.

शिक्षकांनी वर्गात एकच त्रिकोण दोन निरनिराळ्या आरंभबिंदूंवरून मांडून दाखवावा. निर्देशक बदलतात, त्रिकोण बदलत नाही, एवढे विद्यार्थ्यांस उमगले, म्हणजे यंत्रशाळेतील पहिला धडा त्यांस वर्गातच मिळाला असे समजावे.