चांदोबा का मावळला?

एखादे मासिक बंद पडले म्हणजे त्याची बातमी वाचकांना बहुधा वर्तमानपत्राच्या विक्रेत्याकडूनच कळते. "या महिन्याचा अंक आला नाही," असे तो सांगतो. पुढच्या महिन्यातही तेच सांगतो. आणि त्यानंतर गिऱ्हाईकच विचारीनासे होते. 'चांदोबा'चे नेमके असेच झाले. 1952 मध्ये मराठीत सुरू झालेले हे मासिक 2013 मध्ये थांबले. आज ज्यांची नातवंडे शाळेत जात आहेत, त्यांना विचारून पाहा. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि सभोवती स्मशानातला काळोख, हे विक्रमादित्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे क्षणात उभे राहील. मात्र ते मासिक बंद केव्हा झाले, असे विचारले तर त्यांपैकी बहुतेकांना सांगता यायचे नाही. एवढ्या लाडक्या वस्तूचे जाणे एवढे निमूटपणे कसे झाले, हाच खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

मराठी मुलांना चांदोबा आपलाच वाटे. पण त्याचे माहेर होते मद्रासला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे दोघे तेलुगू मित्र. 'पाताळ भैरवी' आणि 'मायाबाजार' हे गाजलेले चित्रपट ज्या विजया संस्थेचे, ती याच जोडीची. त्यांनी जुलै 1947 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या अगदी उंबरठ्यावर, मुलांसाठी 'चंदामामा' काढला. आधी तेलुगू आणि तमिळ भाषांत. मग एकेक भाषा वाढत गेली. तमिळमध्ये तो 'अंबुलिमामा' झाला, ओडियात 'जन्हमामू' झाला, आणि आपल्याकडे 'चांदोबा' म्हणून आला. पुढे तर संस्कृतातही निघाला.

त्याची घडणही मोठी युक्तीची होती. संपादनाचा मूळ गाभा तेलुगूत तयार होई आणि त्यावरून निरनिराळ्या भाषांतले मजकूर सिद्ध होत. चित्रे मात्र सर्वांना एकच. रंगीत चित्रांचा खर्च एका भाषेच्या मासिकाला झेपणारा नव्हता. तो इतक्या भाषांवर वाटला गेल्यामुळे मध्यमवर्गीय घराला परवडेल अशा किमतीत अंक देता येई. याचा एक गोड परिणाम असा झाला, की सोलापूरचा मुलगा आणि सेलमचा मुलगा एकमेकांची भाषा न समजताही एकाच चित्राकडे बोट दाखवून हसू शकत होते. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे पुष्कळ झाली. परंतु हे काम भाषणाविनाच चालले होते.

या साऱ्यामागे एक माणूस होता. कोडवटिगंटी कुटुंबराव हे तेलुगूतले नामवंत कथाकार. 1952 पासून 1980 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी चंदामामाचे संपादन सांभाळले. आलेली गोष्ट कोणाचीही असो, ती त्यांच्या हाताखालून गेली म्हणजे तिची भाषा सोपी, वाक्ये छोटी आणि सांगणे सरळ होई. चित्रकारही तसेच लाभले. वड्डादि पापय्या होते, 'चित्रा' होते आणि 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन होते. विक्रम-वेताळाचे ते प्रसिद्ध चित्र शंकर यांचे. तरुणपणी तेथे रुजू झालेले शंकर साठ वर्षे त्याच मासिकासाठी चित्रे काढीत राहिले. 2020 मध्ये वयाची नव्वदी ओलांडून ते गेले आणि 2021 मध्ये त्यांना मरणोत्तर 'पद्मश्री' जाहीर झाली. मासिक तोवर उरले नव्हते.

वेताळाच्या गोष्टी मुळात पंचवीसच. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त त्या आहेत. महिन्याला एक धरली तरी दोन वर्षांत संपायच्या! पण त्या संपल्याच नाहीत. संपादक मंडळींनी तोच साचा घेऊन नव्या शेकडो गोष्टी रचल्या, आणि त्या साच्यातच खरी गंमत होती. वेताळ गोष्ट सांगून थांबत नसे. तो शेवटी प्रश्न विचारी. या तिघांत खरा उदार कोण? दोष राजाचा की प्रधानाचा? ठाऊक असून उत्तर दिले नाही तर राजाच्या मस्तकाची शकले होणार. आणि उत्तर दिले तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाणार! राजाचे उत्तर वाचण्याआधी पोरे क्षणभर थांबत, आपले उत्तर ठरवीत आणि मग पुढे वाचीत. कधी राजाचे पटे, कधी पटत नसे. 'तात्पर्य' म्हणून शेवटी चिकटवलेल्या बोधवाक्यापेक्षा हा क्षणभराचा विचार मोलाचा होता.

मग असे मासिक बुडाले का? घरोघरी दोन उत्तरे तयार असतात. पहिले, दूरदर्शनने मुले पळवली. दुसरे, इंग्रजी शाळांनी मराठी वाचन मारले. दोन्हींत तथ्य आहे. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झाले, आणि 1985 मध्ये खुद्द विक्रम आणि वेताळच रामानंद सागरांच्या मालिकेतून दिवाणखान्यात येऊन बसले. पुढे शेकडो वाहिन्या आल्या, संगणक आला, हातातला फोन आला. इंग्रजी माध्यमाची मुले मराठी बोलत असली तरी वाचताना अडखळू लागली. हे कोण नाकारील?

परंतु एवढ्यावर थांबू नये. विलायतेत काय घडले तेही पाहावे. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशन संस्थेने डिसेंबर 1937 मध्ये 'द डँडी' नावाचे मुलांचे चित्रकथा-साप्ताहिक काढले. एका बैठकीत गाईच्या मांसाचा शिंगांसकट भला थोरला पाय फस्त करणारा डेस्परेट डॅन हा त्याचा नायक. 1950 च्या दशकात त्याचा आठवड्याचा खप वीस लाखांच्या घरात होता. तो घसरत घसरत आठ हजारांच्याही खाली आला आणि 4 डिसेंबर 2012 रोजी, बरोबर पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्याचा शेवटचा छापील अंक निघाला. संगणकावरची आवृत्ती काढून पाहिली. तीही वर्षभराच्या आत आटोपली. तेथे तर इंग्रजी भाषेवर कसलेही संकट नव्हते! तेव्हा सगळा दोष शाळांच्या माध्यमावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आणि गंमत अशी, की त्याच गावात, त्याच संस्थेने 1938 मध्ये काढलेले 'द बीनो' हे भावंड आजही दर आठवड्याला निघते. 2019 मध्ये त्याचा चार हजारावा अंक निघाला. मुले तीच, दूरदर्शन तेच, फोन तेच. वारा दोघांवर सारखाच सुटला होता. एक होडी बुडाली, एक तरली. म्हणजे वाऱ्याखेरीज होडी वल्हवणाऱ्यांचाही हिशेब मांडला पाहिजे.

चांदोबाचा तो हिशेब काहीसा असा आहे. चक्रपाणी 1975 मध्ये गेले, कुटुंबराव 1980 मध्ये गेले. त्यानंतर जुन्याच गोष्टी फिरून फिरून छापल्या जाऊ लागल्या. 1998 मध्ये कामगारांच्या तंट्यापायी मासिक बंदच पडले. वर्षभराने, 1999 च्या अखेरीस, बाहेरचे भांडवल घेऊन ते पुन्हा सुरू झाले खरे. पण मुलांच्या मासिकाला एका वर्षाचा खाडा म्हणजे थोडाथोडका नव्हे. तेवढ्यात तिसरीतले मूल चौथीत जाते आणि त्याची सवय मोडते. नागी रेड्डी 2004 मध्ये निवर्तले. 2007 मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या संगणक कंपनीने चंदामामा विकत घेतला. अंकाचे रूप बदलले. विज्ञान, खेळ, आधुनिक साहसकथा अशी नवी सदरे आली. जुने अंक संगणकावर वाचायला ठेवण्याचे चांगले कामही त्या काळात झाले. पण पुढे ती कंपनीच कर्जात रुतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2013 मध्ये मासिक थांबले. ते मासिकाचा तोटा सोसवेना म्हणून नव्हे. मालकाचे घरच बसले, आणि त्या घराच्या एका कोपऱ्यात चांदोबा होता. 'बीनो'ला त्याचे जुने घर लाभले. आपल्या चांदोबाला अखेरीस घरच राहिले नाही.

कोणी म्हणेल, गोष्टी तर कोठे गेल्या आहेत? वेताळ पुस्तकात आहे, पडद्यावर आहे. खरे आहे. पण मासिकात गोष्टींखेरीज आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे वाट पाहणे. क्रमशः चालणाऱ्या कथेचा पुढचा भाग महिनाभर मिळणार नाही म्हणून मूल मागचा अंक पुन्हा वाचते. त्या पुनर्वाचनात, कोणी 'वाच' म्हणून मागे न लागता, जोडाक्षरे जिभेवर बसतात. आजीला चष्मा सापडला नाही म्हणजे नातू तिला गोष्ट वाचून दाखवतो, आणि अडले तर आजी शब्द पुरवते. पडद्यावरच्या वेताळापाशी ही सोय नाही. तेथे राजाचे उत्तर आपल्यासाठी थांबत नाही.

मराठीत या परंपरेला तोटा नव्हता. वासुदेव गोविंद आपट्यांनी 1906 मध्ये 'आनंद' काढला, तेव्हापासून मुलांच्या मासिकांची ओळ चालत आली आहे. बालभारतीचे 'किशोर' 1971 पासून आजही निघते. 'आमची मुले मराठी वाचीत नाहीत' अशी तक्रार आपण दिवाळीच्या फराळाबरोबर तोंडी लावण्यासारखी करतो. पण घरात दरमहा येणाऱ्या वस्तूंच्या यादीत मुलाच्या नावाचे एखादे मासिक आहे का, हे किती जण पाहतात? वर्षाची वर्गणी एका वेळच्या हॉटेलच्या बिलापेक्षा जास्त नसते. मूल पहिले दोन अंक कदाचित उघडणारही नाही. तरी वर्गणी तोडू नये. तिसरा अंक आपणच मोठ्याने वाचायला घ्यावा, आणि वेताळासारखे प्रश्न विचारून मधेच थांबावे.