बोजारा: घ्यायचा, तसा द्यायचाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोंदिया जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. चाकांवरच्या लाकडी नंदीबैलाला झूल, गळ्यात घुंगरांची माळ, आणि नवे कपडे घातलेली पोरं दोरी ओढत घरोघरी. नंदीला ओवाळायचं, पोरांच्या हातावर बोजारा ठेवायचा: नाणी, चॉकलेट, बिस्किटं. नागपूरकर भोसल्यांनी ही चाल रुजवली, असं मानलं जातं.

बहुतेक घरांत बोजारा मोठी माणसंच देतात. तिथेच मुलांची देण्याची संधी हुकते. खाऊची वाटी चार वर्षांच्या नातीकडे सोपवा. कुणाला किती, हे तिलाच ठरवू द्या. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या एका प्रयोगात दोन वर्षांखालची मुलं खाऊ मिळण्यापेक्षा तो देताना अधिक आनंदी दिसली; स्वतःच्या वाट्यातला देताना तर आणखी. २०१३च्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना द्यायचं की नाही याची निवड होती, त्यांनी पुढच्या वेळी जास्त दिलं. ज्यांना द्यायलाच लावलं होतं, त्यांनी कमी. तेव्हा ‘दे बरं त्याला’ म्हणत हातातलं काढून घेऊ नका. दिल्याबद्दल चॉकलेटचं आमिषही नको. मदतीबद्दल बक्षीस मिळालेली लहान मुलं नंतर मदतीला कमी धावतात, असं २००८मध्ये जर्मनीत आढळलं.

दारोदारच्या देण्याघेण्याची अशीच चाल शेजारीही आहे: गोंदियातल्या सालेकसा, देवरी तालुक्यांच्या पलीकडे छत्तीसगडात पौष पौर्णिमेला छेरछेरा हा सण असतो. मुलं दारोदार नवं धान मागतात, आणि कुणाच्याही दारातून सहसा रिकामी परतत नाहीत.